गाणाऱ्याचीही चूल असते

एप्रिल महिना लागला की आमच्या घरची माणसे आम्हाला पाहुणे म्हणतात. दिवसा ड्युटी, संध्याकाळी कार्यक्रम, मध्यरात्री घरी आणि सकाळी पुन्हा डबा घेऊन स्टेशन. पोरे झोपलेली असताना जायचे आणि झोपलेली असतानाच यायचे. तरी कुणी तक्रार करत नाही, कारण या दोन महिन्यांवर पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात हे घरात सर्वांना ठाऊक असते.

आम्ही म्हणजे आमची सहा जणांची गायन पार्टी. कुणी अंबरनाथचे, कुणी उल्हासनगरचे, एक जण बदलापूरचा. पेटीवर बसणारे दादा अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पेटी तेवढी राहिली. आमच्या ताई कॅम्प ५ मध्ये जीन्सचे धागे कापायचे काम करीत आल्या आणि रात्री माईकसमोर उभ्या राहत आल्या. कोरसला आणि झांजेला दोघे, ऑक्टोपॅडवर एक पोरगा. हे तिघे एमआयडीसीत कंत्राटावर आहेत. आणि ढोलकीवर मामा. मामा राहतात सुभाष टेकडीवर. आम्हा पाच जणांचे पोट दुसऱ्या कामावर आहे, जीव गाण्यात आहे. मामांचे पोट आणि जीव दोन्ही ढोलकीतच. म्हणून आज जे लिहायचे आहे ते मुख्यतः मामांविषयी आहे.

वाचक बंधू-भगिनींना आमच्या कामाचे वर्ष थोडक्यात सांगतो. १४ एप्रिलपासून मे अखेरपर्यंत जयंत्या. सर्व वस्त्यांची जयंती एकाच दिवशी झाली असती तर आमच्यासारख्या पार्ट्यांना एकच सुपारी मिळाली असती. वस्त्या आपापली तारीख धरतात म्हणून चार पैसे होतात. मध्ये बुद्धपौर्णिमा, २७ मेला माता रमाईंचा स्मृतिदिन. मग आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो. विहारात ग्रंथवाचन सुरू होते, आणि आमच्या ढोलक्या खुंटीला जातात. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारी, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती. अधूनमधून एखादे लग्न, एखाद्या घरचे पुण्यानुमोदन. सारे जोडले तरी वर्षाचे पाच-सहा महिने हात रिकामेच. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तर कोरोनात जयंती घराघरातच झाली. त्या दोन उन्हाळ्यांत मामांनी हातगाडीवर कांदे-बटाटे विकले. पण हातगाडीची वेळ संपली की रोज संध्याकाळी तासभर ढोलकीवर हात ठेवायचे. म्हणायचे, "हात विसरला तर पुन्हा येत नाही."

आता ती रात्र सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात बदलापूरच्या बाजूला आमची सुपारी होती. मंडळाचे नाव सांगत नाही, कारण दोष एका मंडळाचा नाही, चालीचा आहे. ठरले होते ९,००० रुपये. आम्ही सहा वाजताच हजर. पेटी, ढोलकी, ऑक्टोपॅड लावून तयार. साडेसात ही गाण्याची वेळ. आधी पाहुण्यांचे आगमन झाले, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार, मग भाषणे. एका वक्त्याने १९२७ सालच्या मे महिन्यात बाबासाहेब बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते तो इतिहास सांगितला. ऐकून छाती भरून आली. पण समोरचे घड्याळही दिसत होते. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, तो आम्हालाही पाठ झाला आहे. साडेनऊला माईक आमच्या हाती आला. चार गाणी झाली. ताईंनी पाचवे उचलले, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

सामान आवरले आणि दादा हिशेबाला गेले. खजिनदार म्हणाले, "दादा, अर्धाच तास गायलात, अर्धे घ्या. शेवटी समाजाचं काम आहे. आपलीच माणसं, आपण काय हिशेब करायचा?" वर एक शाल आणि बाबासाहेबांची तसबीर दिली. तसबीर कपाळाला लावून दादा गप्प परत आले.

४,५०० रुपये. त्यातून टेम्पोचे १,२०० गेले, ऑक्टोपॅडचे भाडे ९०० गेले. उरले २,४००. सहा जणांना चारशे-चारशे. टेम्पोत मागे ढोलकी मांडीवर घेऊन मामा बसले होते. अंबरनाथपर्यंत कुणीच काही बोलले नाही. मग मामा हळूच म्हणाले, "स्पीकर पण दहालाच बंद झाला ना? स्पीकरवाल्याला अर्धे दिले का?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. मंडपवाल्याला पूर्ण पैसे, बॅनरवाल्याला पूर्ण, टेम्पोवाल्याला पूर्ण. त्यांच्यापुढे कुणी समाजाचे नाव काढत नाही. समाजाचे काम फक्त गाणाऱ्याच्या वाट्याला येते.

समाजाचे काम म्हणजे काय हे आम्हाला कळत नाही असे नाही. आमच्या आधीच्या लोकांनी ते करूनच दाखवले आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. ज्यांना पाटीवरचे अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार ढोलकीवरून पोहोचला. सिन्नरच्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्याच हाताने त्यांनी हजारो गीते लिहिली. २००४ साली दादा गेले. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदे गेले. विठ्ठल उमप तर २०१० साली नागपूरला व्यासपीठावरच कोसळले. या माणसांची गाणी आपल्या घरात पाळण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत वाजतात. गाणी सर्वांना तोंडपाठ. गाणाऱ्याच्या घरात त्या रात्री काय शिजले हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही.

दुसरी एक गोष्ट जरा कडू आहे, पण लिहितो. नवरात्रात मामांना गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बोलावणे येते. नऊ रात्री, रोख पैसे, रोजच्या रोज. मामा जातात. वस्तीतले काही जण त्यावर बोलतात. "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस देवीपुढं ढोलकी वाजवतो!" एकदा विहाराच्या पायरीवरच हे ऐकवले. मामांनी उत्तर दिले नाही. घरी येऊन आम्हाला म्हणाले, "हात जोडत नाही रे मी. हात वाजवतो." प्रल्हाद शिंदेंचा एकच गळा विठ्ठलाची गाणी गायला आणि भीमाचीही गायला. त्यांची भीमगीते म्हणून कमी झाली का? आम्हालाही वाटते की मामांनी आपल्याच मंचावर वाजवावे. पण ज्याला वाटते त्याने आधी सांगावे, सप्टेंबर-ऑक्टोबरात मामांना आपण किती सुपाऱ्या दिल्या?

मामांनी पन्नाशी कधीच ओलांडली. वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि रक्कम दरमहा ५,००० रुपये झाली. उत्पन्नाची अट आहे, आणि अर्जासोबत आपण केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. मामांचे पुरावे कुठे आहेत? जुनी हँडबिले, मंडळांची पत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत जपून बहिणीकडे वालधुनीच्या काठावर ठेवली होती. २६ जुलै २००५ च्या पुरात पेटी गाळाने भरली. गाण्याच्या दोन वह्याही त्यात गेल्या. त्यानंतरच्या कामाचा कागद फारसा नाहीच, कारण पैसे हातावर, बोलणे तोंडी. पाकिटावर मंडळाचे नावसुद्धा नसते. आता मामा जुन्या मंडळांच्या दारी जाऊन दाखले गोळा करीत आहेत. निम्मे पदाधिकारी बदलले आहेत, काही हयात नाहीत.

म्हणून कलावंत बांधवांना कळकळीने सांगतो, प्रत्येक कार्यक्रमाचे पत्र मागून घ्या. शाल नाही मिळाली तरी चालेल, शिक्का मारलेला कागद घ्या.

आमचेही चुकते, ते लपवणार नाही. वेळेवर न जाणाऱ्या पार्ट्या आहेत. रियाज न करता मोबाईलवर ऐकलेली तीच पाच गाणी सिनेमाच्या चालीवर म्हणून मोकळे होणारे आहेत. शब्द चुकीचे, सूर भलताच. लोक म्हणतात, यांना पूर्ण पैसे कशाला? ते बोलणे अगदीच खोटे नाही. आम्हीही बरीच वर्षे गाणे ऐकून-ऐकूनच शिकलो. शिकवणारा परवडत नव्हता आणि कुणी बोलावतही नव्हते.

त्या रात्रीनंतर आम्ही साधा एक कागद तयार केला. निम्मे पैसे सुपारीबरोबर, उरलेले मंचावर चढण्याआधी. गाण्याची वेळ लिहिलेली. भाषणे लांबली तर बिदागी कमी होणार नाही. खाली दोन्हीकडच्या सह्या. पुढच्या मोसमात या कागदापायी तीन सुपाऱ्या हातच्या गेल्या. "मोठे झालात का?" असे ऐकावे लागले. घरातही कुरबूर झाली. ताईंचे यजमान म्हणाले, "अर्धी भाकर होती तीही घालवली." मामा मात्र कागदावर ठाम राहिले. ज्याचे सर्वांत जास्त जाणार होते तोच माणूस ठाम राहिला, मग आम्ही मागे कसे हटणार?

पहिली सही झाली ती अंबरनाथच्या एका महिला मंडळाची. घरोघरी फिरून पन्नास-शंभर गोळा करणाऱ्या या बाया. कुणी धुणीभांडी करणाऱ्या, कुणी कंपनीत पॅकिंगला. त्यांच्या अध्यक्षबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "आमच्या कामाचे पैसे शेठने कापले तर आम्ही भांडतो. मग तुमचे आम्ही कसे कापू?" कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाल्याबरोबर पूर्ण पाकीट हातात. वर मंडळाचे नाव, तारीख, रक्कम. त्यांनी आणखी एक केले. आधी गाणी ठेवली, भाषणे नंतर. गाण्याला जमलेली माणसे भाषणालाही बसली. मामांनी त्या रात्री ढोलकी जशी वाजवली तशी आम्ही पूर्वी क्वचितच ऐकली असेल. पाकीट त्यांनी रिकामे करून जपून ठेवले आहे. पुन्हा नव्याने भरू लागलेल्या पेटीतला तो पहिला कागद.

त्याच बायांच्या आग्रहावरून दादा आता रविवारी विहारात मुलांना पेटी शिकवतात. महिन्याला थोडी फी आहे, फुकट नाही. हेही बायांनीच ठरवले. सात-आठ मुले येतात, त्यात मुली जास्त. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षा असतात, त्यांना यंदा दोघींना बसवायचे आहे. त्यातली एक ताईंची मुलगी. ती मोठेपणी गाणेच करीन म्हणते. ताई एकीकडे हरखतात, एकीकडे घाबरतात. परवा दादांना म्हणाल्या, "दादा, शिकवा तिला. पण तिच्या वेळेपर्यंत हा कागद सगळीकडं चालेल ना?"

दादांनी पेटीचा भाता दाबला आणि सा धरला. उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते आपणा सर्वांकडे आहे.

जयंती झाली की प्रत्येक वस्तीत जमाखर्चाचा फलक लागतो. मंडप, रोषणाई, बॅनर, हारफुले, अन्नदान, आणि तळाशी उरलेल्या पैशांत गायन पार्टी. बंधू-भगिनींनो, येत्या जयंतीला एवढेच करा. ती तळाची ओळ पहिली लिहा.

जयभीम!