थर्मोकोलची बदकं

मराठी विभागासाठी काहीतरी दे, म्हणून संपादक मंडळातली माझी रूममेट गेले तीन आठवडे मागे लागली होती. आता मी पडले कॉन्व्हेंटवाली. अजूनही कुणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टीनाईन की सिक्स्टीनाईन, असा मनात हिशेब करते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तिला पकडा, मला नको. विषय मात्र माझ्याकडे एकच होता. बदकं.

आमचं गाव पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना हायवे सोडून आत आहे. घरामागे भातशेती आणि शेताच्या टोकाला तळं. पनवेलमध्ये तळं म्हटलं की सगळ्यांना वडाळे तलाव आठवतो. आमचं त्याच्यापुढे डबकंच म्हणा. पण कमळं आहेत, काठाला लव्हाळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात बसलो असताना आजोबा सहज म्हणाले, “या तल्यावर मी लय बदका मारली.”

मी उडालेच. आमचे आजोबा? वय ८४, माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजवू न देणारे! कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ साली झालं, आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची, आणि तिथून हाकेच्या अंतरावर हे गृहस्थ ठासणीची बंदूक घेऊन लव्हाळ्यात बसायचे!

मग मी खोदून खोदून विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलची आठवण येत होती, इतकं ते नेमकं होतं. कापणी झाली की तळ्याच्या एकाच कोपऱ्यात भात टाकायचं, तेही जिथे पाणी गुडघ्याच्या खाली आहे तिथेच. ही बदकं बुडी मारत नाहीत, शेपटी वर आणि डोकं खाली करून खातात. खोल पाण्यातलं भात त्यांच्या काय कामाचं? आठ-दहा दिवस रोज टाकायचं आणि त्या काळात तळ्याकडे कुणी फिरकायचं नाही, धुणंसुद्धा विहिरीवर. बदक वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, म्हणून सकाळी मतलई वारा असताना कुठे बसायचं आणि दुपारनंतर खारा वारा सुटल्यावर कुठे, हेही ठरलेलं. (मतलई म्हणजे लँड ब्रीझ. बारावीपर्यंत भूगोलात चांगले मार्क असूनही हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.)

आणि शेवटची युक्ती. घरचं एक पाळीव बदक पायाला दोरी बांधून पाण्यात सोडायचं. ते ओरडलं की वरून जाणारा थवा फेरी मारून खाली यायचा. हे बदक आजीनं पिल्लापासून वाढवलेलं, तिच्यामागे चुलीपर्यंत यायचं. एका सकाळी थवा अगदी त्याच्याजवळ उतरला आणि आजोबांनी बार टाकला. छर्रे काय, माणसासारखे बघून थोडेच जातात! आजीनं त्या दिवशी ते बदक शिजवलं नाही, पुरलं. आठ दिवस ती आजोबांशी बोलली नाही. पुढे कुठल्याशा निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलिस ठाण्यात जमा केली, ती आणायला आजोबा परत गेलेच नाहीत. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, तळ्याकडे बघत होते. आजीला जाऊन आता सहा वर्षं झाली.

“आता येतात का बदकं?” मी विचारलं.

“नाय. अडईची शिटी पन नाय आयकली दोन वरसा.”

अडई ही आपल्याकडे बारा महिने राहणारी शिटी घालणारी बदकं. रात्री उडताना आवाज येतो. त्या क्षणी मी ठरवलं, तळं भरून जायच्या आत आजोबांना एकदा तरी बदकं दाखवायची. कारण काकांनी जागेचा व्यवहार केला आहे आणि पावसाळ्याआधी तिथे भराव पडणार आहे. घरात यावर कुणी बोलत नाही.

होस्टेलवर आल्यावर फ्रिजच्या पॅकिंगचा थर्मोकोल जमवून मी सहा बदकं कापली. चोचीला पिवळं टोक, वर दोन लाल ठिपके, म्हणजे हळदीकुंकू बदक. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’मुळे अशी नावं माझ्यासारखीलाही सापडतात. पहिलं बदक बाथरूमच्या बादलीत टाकलं तर सरळ पोट वर करून आडवं! मेटासेंटर, दुसरं काय. मग पोटाखाली वर्कशॉपमधले गंजके नट चिकटवले. वाया गेलेली दोन सोडून चार गावी नेली. आजोबांनी हातात घेऊन पाहिली आणि हसू लागले.

“अगो, मान अशी ताठ कवा करतान? भ्याल्यावर. ही बघून वरची पलूनच जातील.”

रात्री ब्लेडनं चारही माना कापून पाठीवर चिकटवल्या. झोपलेली, निवांत बदकं.

भातही टाकायला सुरुवात केली होती. मी नसताना धाकटा भाऊ टाकायचा. तेवढ्यात पक्षीप्रेमी असलेल्या एका सीनियरनं सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणंही आहे. परवाना काढून शिकार करण्याची सोयसुद्धा १९९१ च्या दुरुस्तीनं संपली. म्हणजे नातवंडं आजोबांच्याच वाटेनं निघाली की! भात बंद केलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं.

त्याच सीनियरनं भरतपूरची गोष्टही सांगितली. तिथल्या महाराजांनी बांधाचं पाणी उथळ जमिनीवर खेळवून बदकांसाठी अख्खी दलदलच तयार केली होती. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. योगायोग असा की तोच सलीम अलींचा वाढदिवस, बेचाळिसावा. तेही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारणारे. ती दलदल शेतीसाठी कोरडी होऊ नये म्हणून पुढे तेच झगडले. शिकारीसाठी केलेलं पाणी आज राष्ट्रीय उद्यान आहे.

आमच्याकडे उलटं चाललंय. उलवे टेकडी कापून आणि नदी वळवून झालेल्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. विमानतळाजवळ पक्षी नको असतात, त्यामुळे त्यांना खायला मिळेल, उतरावंसं वाटेल असं काही ठेवायचं नाही हा नियम. आजोबांचीच कृती, फक्त उलटी. मी पुढच्या वर्षी मेकॅनिकल घेऊन पास होणार आणि विमानतळावर नोकरी मिळाली तर नाचणार, हेही खरंच.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही लव्हाळ्यामागे पोत्यावर बसलो होतो. आजोबांच्या अंगावर माझं कॉलेजचं जॅकेट. उजाडता उजाडता वरून सात बदकं आली. एक फेरी, दुसरी फेरी, मतलईच्या तोंडाला वळली आणि उतरली. माझ्या थर्मोकोलपासून लांब, कमळांपलीकडे. आजोबांनी काठी हळूच वर उचलली होती. खांद्याला टेकलीसुद्धा होती. मग त्यांनी ती पोत्यावर आडवी ठेवली आणि माझ्या कानात म्हणाले, “हळदीकुंकू. तुजी आजी यांनाच सवाष्ण म्हनायची.”

फोटोत नुसते सात काळे ठिपके आलेत. विमानाच्या आवाजानं ती उडाली म्हणावं तर तसंही नाही; गावातला एक कुत्रा पाणी प्यायला आला, एवढंच.

चारपैकी तीन बदकं मी परत आणली. एक मेसच्या काउंटरवर आहे, मावशींनी त्याच्या पाठीवर टोकन ठेवायला खाच पाडली आहे. चौथ्याची दोरी तुटून ते कमळांत अडकलंय. आजोबा फोनवर रोज सांगतात, डंपर यायच्या आत येऊन काढ.