दोन थाऊचा फरक

शनिवारी सकाळी सात वाजता, ओहायोच्या थंडीत, बायकोला झोपलेली सोडून एखादा मराठी संगणक अभियंता शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये काय करत असेल? सांगून खरं वाटणार नाही, पण मी बंदुकीच्या गोळ्या मोजत होतो. म्हणजे किती आहेत ते नाही, किती जाड आहेत ते.

दचकू नका. आमचे शेजारी वय वर्षं ७८, जन्मभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो (तोंडावर म्हटलं तर अर्थ समजावण्यात अर्धा तास जाईल). त्यांच्याकडे वडिलांचं जुनं कोल्ट रिव्हॉल्वर आहे, .३२ कॅलिबरचं. त्यासाठी ते गोळ्या घरीच ओततात, आणि वापरलेल्या पितळी नळकांड्यांत नवी कॅप, नवी दारू आणि ही गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करतात. (दारू म्हणजे ती नव्हे. ती गॅरेजमध्ये चालत नाही असा आजींचा नियम आहे. :-)) आपण मराठीत सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. सगळं मिळून होतं ते काडतूस.

माझा रोल मर्यादित. मी इथे व्हिसावर. १९९८ साली अमेरिकी कायद्यात झालेल्या बदलानुसार, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अशा परदेशी माणसाला बंदूक सोडाच, काडतूसही बाळगता येत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत सुटी शिशाची गोळीसुद्धा त्यातच मोडते! त्यामुळे आमची वाटणी ठरलेली : गोळी आजोबांनी धरायची, मायक्रोमीटर मी. मी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. मायक्रोमीटर मला वाचता येतो, कारण बाबा पिंपरीला एका कंपनीत टर्नर होते. 'थाऊ' हा शब्द मी 'मिलिमीटर'च्या आधी शिकलो असेन. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला एक केस साधारण तीन थाऊ जाड असतो.

आता मुळात मोजायचं कशाला? तर .३२ हे नाव शुद्ध थाप आहे. या काडतुसाची गोळी असते ०.३१२ ते ०.३१४ इंच. नावाचाही घोळच. १८९६ साली स्मिथ अँड वेसनने हे काडतूस आणलं. कोल्टला आपल्या रिव्हॉल्वरवर प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरायला लाज वाटली, म्हणून त्यांनी जवळजवळ तेच काडतूस '.३२ कोल्ट न्यू पोलिस' म्हणून विकलं. (सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.) कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं आपल्याकडचं .३२ रिव्हॉल्वरही हेच काडतूस खातं.

साच्यातून निघालेली गोळी कधीच नेमकी नसते. किंचित जाड, किंचित वाकडी. शिशात अँटिमनी जास्त असेल तर गोळी थंड होताना कमी आकसते, म्हणून जाड निघते. नुसतं मऊ शिसं असेल तर बारीक. मग तिला डायमधून ढकलायची. डाय म्हणजे आतून गुळगुळीत केलेलं, ठरावीक मापाचं पोलादी भोक. आधी गोळ्या मेणासारखं वाळणाऱ्या वंगणात घोळून रात्रभर ठेवायच्या, मग एकेक गोळी प्रेसच्या दांड्यावर उभी करायची आणि हँडल खाली. खर्रकन आवाज करत ती डायमधून वर जाते आणि डब्यात पडते. यालाच साइझिंग म्हणतात. (हे करताना चहा प्यायचा नाही, आणि झाल्यावर साबणाने हात धुवायचे. शिसं पोटात जाणं वाईट.)

माप चुकलं तर? गोळी जाड असेल तर काडतूस सिलिंडरच्या घरात बसतच नाही. ते परवडलं. बारीक असेल तर मात्र सगळं बसतं, बारही उडतो, आणि तिथेच घोळ होतो. नळी आणि गोळी यांच्या फटीतून तापलेला वायू पुढे निसटतो, शिसं खरवडतो आणि नळीतल्या पिळदार खाचांत लिंपून ठेवतो. नेम तर जातोच.

आजोबांना दोन महिने नेमका हाच त्रास होत होता. दर वेळी नळीत करडे पट्टे. त्यांनी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून तिचं माप घेतलं होतं : ०.३१२. सिलिंडरची तोंडं ०.३१३ हून जरा मोठी. म्हणजे गोळी ०.३१३ हवी. डायही ०.३१३ ची. सगळं बरोबर. मग त्यांनी शिसं बदललं, वंगण बदललं. शेवटी मला बोलावलं, "एक्सेलमध्ये काहीतरी करून बघ" म्हणून.

पहिली गोळी. मी वाचलं, "तीनशे अकरा."

"तीनशे तेरा," आजोबा म्हणाले. "पुन्हा बघ."

पुन्हा तीनशे अकरा. दुसरी, तिसरी, दहावी, तेच. मला वाटलं मीच जोरात आवळतोय, शिसं मऊ असतं. रॅचेट फिरवून बघितलं. मायक्रोमीटर रिकामा बंद करून शून्य तपासला. बरोबर. आजोबांनी स्वतः दिव्याखाली धरून वाचलं आणि ठामपणे सांगितलं, "तीनशे तेरा."

मी काही बोललो नाही. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला 'तुमचं वाचन चुकतंय' कसं सांगणार? मग हळूच म्हटलं, "डाय एकदा बघूया का?" त्यांनी ती प्रेसमधून काढली, पुसली, भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या दुसऱ्या पिस्तुलासाठी घेतलेली ०.३११ ची डाय होती ती. दोन महिन्यांपूर्वी चुकून चढवलेली. नंतर प्रत्येक वेळी मायक्रोमीटरवर त्यांना जे दिसायला हवं होतं तेच दिसलं.

मी हसून म्हणालो, "सापडला बग!"

ते हसले नाहीत. शेल्फवरच्या दारू मोजायच्या काट्याकडे बघत म्हणाले, "तो पण मीच वाचतो."

मग माझी ट्यूब पेटली. गोळी दोन थाऊने चुकली तर नळी घासावी लागते. पण इवल्याशा नळकांड्यात दारूचा हिशोब चुकला तर रिव्हॉल्वर हातात फुटू शकतं. त्यांनी काटा खोक्यात घातला. "ओतेन, साइझ करेन," म्हणाले. "भरणार नाही. मुलगी येते रविवारी, ती भरेल." आवाजात तक्रार नव्हती. मशीन बंद करताना असतो तसा साधा आवाज.

पुढच्या शनिवारी गेलो तर ०.३११ च्या डायवर आजींच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. नव्या गोळ्या एकजात ३१३. निघताना आजोबांनी तो मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवला. "हा बाळगायला तुला कायद्याची आडकाठी नाही."

घरी येऊन पुण्याला फोन लावला. बाबा ७४ वर्षांचे आहेत, अजून स्कूटर चालवतात, तीही पुण्यात. त्यांना किती दिसतं हे मी कधीच विचारलं नव्हतं.

"बाबा, डोळे शेवटचे कधी तपासले?"

"मला सगळं व्यवस्थित दिसतं," बाबा म्हणाले. अगदी आजोबांच्याच ठामपणे.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. मायक्रोमीटर घेऊन जाणार आहे. म्हणेन, बघा बरं, हा किती दाखवतोय?