‘अंगावरून जातंय’ हे किती दिवस कुजबुजत सांगायचं?

पोस्ट मोठी आहे. ताई-वहिनींनो, वाचाच. भावांनो, तुम्हीही मध्येच सोडू नका, खाली तुमच्यासाठीही एक काम आहे.

वीस वर्षं बेलापूर-पनवेल पट्ट्यात बातमीदारी करतेय. पाणी, कचरा, खड्डे, सिडकोची घरं यावर बाया माझ्याशी मोठ्याने बोलतात. पण तुर्भ्यात असो की दिघ्यात, मुलाखत संपली, वही बंद केली की एखादी बाई हळूच जवळ येते. "मॅडम, तुमच्या ओळखीची कुणी डॉक्टरीण आहे का? अंगावरून पांढरं जातंय. वास येतो." किती दिवसांपासून, विचारलं की उत्तर महिन्यांत येतं. कधी वर्षांत.

ही काही नवी गोष्ट नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. १०० पैकी ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. आजार आहे, तपासणी नाही. माझ्याशी कुजबुजणाऱ्या बायांचं आजही तेच गाऱ्हाणं आहे.

तपासणी न होण्याची किंमत काय असते ते बीडने दाखवलं. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळपास सतरा! त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. "दुखत होतं", "पांढरं जात होतं", "कॅन्सर होईल म्हणाले" अशी कारणं बाया सांगत होत्या. ज्या तक्रारीवर अनेकदा आठवडाभराच्या गोळ्या पुरतात, तिच्यासाठी अवयव गेला. मराठवाड्यातली हीच कुटुंबं आपल्याकडे नाक्यावर, बांधकामावर कामाला येतात, म्हणून हे बीडचं बीडला सोडून देता येत नाही.

आता हा त्रास होतो कशाने ते बघू.

पहिलं म्हणजे थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात ते वाढतंही. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात. ते आम्ल तयार करून बाकीच्या जंतूंना दाबून ठेवतात. हे चांगले जंतू कमी झाले की दुसरे माजतात. पातळ, राखाडी-पांढरं पाणी जातं, मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. हा झाला बॅक्टेरियाचा संसर्ग. दह्यासारखं घट्ट आणि भयंकर खाज असेल तर बहुतेक वेळा बुरशी असते. तिचं औषध वेगळं. आणि बॅक्टेरियाच्या संसर्गात निम्म्याहून जास्त बायांना काही जाणवतच नाही.

चांगले जंतू कमी कशाने होतात?

१. आतून धुणं. साबण, डेटॉलचं पाणी, तुरटी, लिंबू, सुगंधी वॉश. वास आला की बाई जास्त धुते, धुतल्याने संरक्षण जातं, वास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत काहीही घालायचं नाही.

२. शरीरसंबंध. नवा जोडीदार, एकाहून जास्त जोडीदार, निरोध न वापरणं यामुळे शक्यता वाढते. पण म्हणून बाईवर संशय घेऊ नका. एकाच नवऱ्याशी संसार करणाऱ्या बाईलाही हा त्रास होतो.

३. पाळीचे दिवस. रक्तामुळे आम्ल कमी होतं, म्हणून पाळीच्या आसपास त्रास उफाळतो.

४. तांबी बसवलेल्यांमध्ये आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त दिसतं. तांबी मनाने काढायला जाऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला.

कशाने होत नाही तेही ऐका. "अंगात उष्णता वाढली" म्हणून नाही. कमोडच्या सीटवरून नाही. आणि बाई अस्वच्छ आहे म्हणून तर नाहीच. लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, तो वेगळा आजार. दोन्हींची गल्लत करून एकच गोळी घेतली जाते.

मलाही दोन वर्षांपूर्वी हा त्रास झाला. एका खासगी दवाखान्यात टेबलापलीकडून दोन प्रश्न विचारून चार औषधं आणि एक महागडा वॉश लिहून मिळाला. तपासणी शून्य. तो कागद तसाच पर्समध्ये ठेवून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, स्राव एका कागदी पट्टीला लावून रंग बघितला, काचेवर घेऊन दुर्बिणीखाली पाहिला. निदान झालं, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. "वॉश नको," एवढंच म्हणाल्या. ती पट्टी काही लाखांचं यंत्र नाही. मी शिकलेली, पत्रकार, पदरचे दोनदा फी भरायचे पैसे असलेली. नाक्यावरच्या बाईने दुसरा डॉक्टर कुठून आणायचा?

आता भावांनो, तुमचं काम. या आजारात गोळ्यांनी बरं वाटतं, पण निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात तो परत होतो. ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर अभ्यास झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बाईला औषध दिलं त्या गटात ६३ टक्के जणींना तीन महिन्यांत परत झाला. नवऱ्यालाही औषध दिलं तिथे ३५ टक्के. म्हणजे वारंवार होत असेल तर बायकोबरोबर तुम्हीही डॉक्टरांसमोर बसा. ती एकटी किती दिवस रांगेत उभी राहणार?

गरोदर असाल तर हे अजिबात अंगावर काढू नका, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. ताप, ओटीपोटात दुखणं, मधेच रक्त जाणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या तक्रारीचं औषध मोफत मिळतं. पण दारावरची पाटी बघून बाई आत जात नाही. लोक काय म्हणतील! लोकलच्या डब्यातल्या ‘गुप्तरोग’वाल्या पत्रकांनी या आजाराला जी बदनामी चिकटवली, ती सरकारी पाटीनेही पुसली नाही.

स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर देशात तिसरं आलं. अभिमान मलाही आहे. पण महापालिकेकडे माझी साधी मागणी आहे. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातली एक दुपार ठरवा. महिला डॉक्टर, पडदा असलेली खोली, ती पट्टी आणि एक दुर्बीण. बाहेर पाटी ‘महिला तपासणी’ एवढीच. कामावरच्या बायांना जमेल अशी वेळ. आणि नाक्यांजवळच्या शौचालयांत पाणी आणि आतून लागणारी कडी.

तुमच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात महिला डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात? चौकशी करा आणि कमेंटमध्ये फक्त केंद्राचं नाव, वार आणि वेळ लिहा. स्वतःचा त्रास इथे लिहायची गरज नाही. यादी जमली की ती घेऊन मी पालिकेत जाणार आहे. जिथे डॉक्टर बसतच नाहीत, त्या केंद्रांची नावं आधी वाचून दाखवेन.