साडेबारा इंच

गोधडी ही मुळात एका घराची वस्तू. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे आखूड झालेले परकर-पोलके, हे सगळे एकाच घरातून गोळा होते आणि बहुधा एकाच हाताने जोडले जाते. ती शिवणारी बाई पट्टी घेऊन बसत नाही. तुकडा अपुरा पडला तर शेजारी दुसरा बसवते, वाकडा निघाला तर दुमडून घेते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे सरकते, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुला’ लावली की पुरी झाली. सारे गणित हातात आणि नजरेत असते. एक हात आणि एक नजर असेपर्यंत त्याला मापाची गरजही नाही.

गरज पडते ती सहा हातांची गोधडी करायची म्हटल्यावर.

आमचा सहाजणींचा गट २००७ पासून हे करीत आला आहे. त्यामागे २००६ च्या ऑगस्टमधला पूर आहे. उकाईच्या धरणातून सुटलेले पाणी तापीने शहरात आणले आणि अडाजण, रांदेरपासून नानपुऱ्यापर्यंत घरांचे तळमजले बुडाले. वाचकांपैकी अनेकांनी ते दिवस गच्चीवर काढले असतील. पाणी ओसरल्यावर चिखलाने जड झालेल्या गाद्या आणि गोधड्या रस्त्यावर टाकाव्या लागल्या. गाद्या पुन्हा विकत मिळाल्या. आपापल्या घरातल्या गोधड्यांपैकी मात्र कोणाच्या सासूबाईंनी, कोणाच्या पणजीने सुरतेत बिऱ्हाड थाटताना बरोबर आणलेल्या होत्या. त्या धुण्याच्याही पलीकडे गेल्या. कपाटांच्या वरच्या कप्प्यांत वाचलेले जुने सुती कपडे प्रत्येकीकडे होते, पण एका गोधडीपुरते कोणाकडेच नव्हते. तेव्हा थोरल्या काकूंनी सुचविले की आपापल्याकडचे थोडेथोडे सगळ्यांनी सगळ्यांना द्यावे.

त्यातून जी रीत पडली ती अशी. दर दोन महिन्यांनी प्रत्येकीने एकाच नमुन्याचे सहा मोठे चौकोन शिवायचे. आम्ही त्यांना ‘चौक’ म्हणतो. एक आपल्याजवळ ठेवायचा, पाच पाचजणींना द्यायचे. म्हणजे प्रत्येकीच्या हाती सहा घरांचे सहा चौक येतात. अशा पाच फेऱ्या झाल्या की तीस चौक होतात. पाच आडवे, सहा उभे जोडले की साठ इंच रुंद आणि बहात्तर इंच लांब असे पांघरूण तयार होते. दिवाळीनंतर आरंभ केला तर पुढच्या गणपतीच्या सुमारास वरचा पदर हाती येतो. मग आतले थर, अस्तर आणि धावदोरा ज्याच्या त्याच्या घरी.

माझी सारी नोकरी राज्य सरकारच्या तोलमाप खात्यात झाली. दुकानातली वजने, पेट्रोलपंपाची मापे, कापडवाल्याची मीटरपट्टी तपासून त्यांवर छाप मारणे हे आमचे काम. या शहरात हिरा कॅरटमध्ये, म्हणजे दोनशे मिलिग्रॅममध्ये, आणि त्याच्याही शतांश भागात मोजला जातो, तेव्हा बारीक फरकाची किंमत इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही पहिल्या फेरीचे छत्तीस चौक एका सतरंजीवर मांडले तेव्हा सगळ्याजणी गप्प झाल्या. ठरले होते ‘एक फूट’. आलेले चौक अकरा इंचांपासून तेरा इंचांपर्यंत होते. कोणी शिवणीची माया धरून मोजले होते, कोणी सोडून. एकीची प्लास्टिकची टेप वीस वर्षे वापरून ताणलेली होती. कापड मीटरने विकत घ्यायचे आणि शिवायचे इंचाने, ही आपल्याकडची जुनी दुहेरी रीत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण शिवणयंत्रापाशी बसलेल्या बाईचा इंच काही गेला नाही. त्याला माझी हरकत नाही. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर हे ठरलेले आहे. हरकत आहे ती प्रत्येकीचा इंच निराळा असण्याला.

म्हणून माप लिहून ठेवले. नऊ घरांचा चौक: प्रत्येक घर साडेचार इंच कापायचे, शिवण पाव इंचावर घालायची, चौक साडेबारा इंच भरला पाहिजे. शेजारच्या चौकाला जोडल्यावर तो बाराचा होतो. यात सगळा खेळ त्या पाव इंचाचा. सुताराच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत. शिवण अर्धा सूत आत गेली तर डोळ्यांना दिसतही नाही. पण एका शिवणीत दोन तुकडे असतात, म्हणून तोटा एक सुताचा. एका ओळीत दोन शिवणी, म्हणून दोन सुतांचा. चौक साडेबाराऐवजी सव्वाबारा भरतो. असे सहा चौक उभे लावले की दीड इंच नाहीसा होतो आणि शेजारची ओळ ताठ उभी असते. मग ओढून जुळवावे लागते, आणि ओढून जुळवलेले कापड पहिल्याच धुण्यात सुरकुततो.

उपाय साधा निघाला. यंत्राच्या सुईपासून पाव इंच मोजून खालच्या पत्र्यावर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी दोन-तीन थरांत चिकटवायची. कापडाची कड तिला टेकवून चालवली की शिवण हलत नाही. कापण्यासाठी आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा होता. तो दहा-पंधरा वेळा आखल्यावर कडेने झिजतो. आता सहाजणींकडे एकाच पत्र्यातून कापून घेतलेले सहा साचे आहेत, आणि ते मी वर्षातून एकदा एकावर एक ठेवून पाहते. या सवयीची चेष्टा होते. होऊ दे.

टिकाऊपणाचा प्रश्न निराळा आणि सुरतेत तर विचित्रच. रिंगरोडच्या बाजारात कापडाचे डोंगर आहेत, पण ते बहुतेक पॉलिएस्टरचे. ते आटत नाही आणि घाम शोषत नाही. इस्त्री जरा तापली की चिकटते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. दोन्ही एका चौकात आली की सुती आक्रसते, दुसरे फुगून उभे राहते. म्हणून फक्त सुती, आणि नवे असल्यास आधी भिजवून वाळवलेले. लाल आणि निळ्या रंगाच्या तुकड्याला ओला पांढरा फडका दाबून पाहायचा. जुन्या साडीचे कापड उजेडापुढे धरायचे; जिथे जाळी दिसते तो भाग नको. काठ, पदर आणि आत खोचले जाणारे टोक बहुधा शाबूत असते. अगदी विरलेल्या कापडाला करकरीत नवे कापड जोडू नये, नवे जुन्याला शिवणीपाशी फाडते. इंचाला दहा-बारा टाके, उरेब कापलेली कड शक्यतो बाहेर येऊ द्यायची नाही, आणि इस्त्री सरकवायची नाही, उचलून दाबायची. हे नियम कोरडे वाटतील. पण आपल्या घरच्या गोधडीची शिवण उसवली तर आपण दुपारी बसून पुन्हा घालतो. दुसरीला दिलेल्या चौकाची शिवण तिच्या नातवाच्या अंगावर उसवते, आणि ती बिचारी बोलत नाही.

एकाच मापाने अनोळखी माणसेही किती मोठे काम करू शकतात, याचे एक उदाहरण मला फार हलवून जाते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी प्रत्येकाच्या नावाचा एक पट शिवला. माप सगळ्यांना एकच, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढे. त्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १९२० पट अंथरले गेले. कोणी मखमल लावली, कोणी मृताचा सदरा. शिवणारे एकमेकांना ओळखत नव्हते, पण मापामुळे त्यांचे शोक एकमेकांशेजारी नीट बसले.

आमच्याकडे मापाची खरी परीक्षा तीन वर्षांपूर्वी झाली. थोरल्या काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात कापतो, डाव्या डोळ्याने अंधुक दिसते. त्यांचे चौक कधी बारा, कधी पावणेबारा, आणि कोपरे तिरके येऊ लागले. कोणी काही बोलेना. काकूंनी नुसते रंग निवडावेत, शिवण दुसरीने घालावी, असे एकीने हळूच सुचविले. दुसरीने न बोलताच मार्ग काढला: घरी नेऊन काकूंचा चौक उसवला आणि मापात शिवून घेतला. पुढच्या बैठकीला तो पसरलेला होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवले. डोळ्यांना दिसले नाही ते बोटांना कळले. “हा धागा माझा नाही,” त्या म्हणाल्या. “कापड मी दिलेच असते गं, नुसते मागितले असतेस तरी. शिवण काढलीत, मग माझे यात उरले काय?”

उसवणारी रडली. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले, कारण मापाची पहारेकरीण मी. माप सैल करावे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. एकीसाठी सव्वाबारा चालवले की बाकीच्या पाचजणींचे तीस तीस चौक डगमगतात. पण काकूंना बाजूला बसवायचे हेही मनाला पटेना. शेवटी वाट काकूंनीच दाखविली. मांडीवरच्या साडीचा काठ चिमटीत धरून म्हणाल्या, “लुगडे विणणारासुद्धा शेवटी काठ घालतो की. मला लहान करू द्या, काठ तुम्ही लावा.”

मी घरी येऊन हिशेब मांडला. काकूंनी साडेतीन इंचांची घरे कापायची. चौक साडेनऊचा व्हावा, पण नऊ भरो की पावणेदहा, बिघडत नाही. त्याला चारी बाजूंनी अडीच इंचांची पट्टी जोडली की तो तेरा ते पावणेचौदा इंचांपर्यंत जातो. मग त्यावर साडेबाराचा साचा ठेवून चारी कडा कापायच्या. जी काही कमीजास्ती असेल ती पट्टीत जिरते. काकूंचा एकही टाका उसवावा लागत नाही. पट्टी लावण्याचे काम आम्ही पाळीपाळीने करतो.

आतला चौकोन कधी किंचित कललेला राहतो. एका बाजूचा काठ दोन बोटे, दुसऱ्या बाजूचा दीड. यंदाच्या माझ्या गोधडीत त्यांचे पाच चौक आहेत, पाचही निरनिराळ्या अंशांनी कललेले, पट्टी हिरव्या इरकलीच्या काठाची. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मैत्रिणीला तो ढंग इतका आवडला की पुढच्या फेरीत तिने आपला सरळ चौक मुद्दाम तिरका कापायचे योजिले होते. काकूंनी तिला साफ नकार दिला. “तुला नीट येते ना? मग नीट शिव,” म्हणाल्या, आणि साचा तिच्याकडे सरकवला.