काळ्या रंगाचा आरसा

उन्हातली काळी गाडी जवळून पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. धुळीवर कोरडे फडके फिरवले की ते पडतात. पांढऱ्या गाडीवरही पडतात, पण लपतात.

वाकोल्याला आमच्या दारात अब्बांची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उभी असे. एकदा शेजारच्या गॅरेजमधून मी पॉलिशचे यंत्र आणले. ओरखडा भरून निघत नाही. भोवतालचा रंग घासून सपाट करावा लागतो. बॉनेट चमकू लागले. पॅड काळे झाले, म्हणजे रंगच निघत होता. पण मला भान कुठे! दाराच्या कडेला रंग पातळच असतो. तिथे यंत्र क्षणभर थांबले आणि आतले करडे अस्तर दिसले.

अब्बा रागावले नाहीत. कडेवरून बोट फिरवून पाळीवर निघून गेले.

ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. आमची त्याआधीच भंगारात गेली, तो डाग घेऊन.