उशिरा अंगावर आलेली वर्दी

आमच्या हसनाबादेहून भोकरदनच्या रस्त्याने भल्या पहाटे धावणारी, भरतीच्या आशेवर जगणारी पोरे पाहिली म्हणजे, ज्यांच्या उमेदीवर वयाच्या दाखल्यानेच काट मारली अशांचे काय होत असावे, हा विचार मनात घोळतो. आणि मग हटकून स्वाती महाडिक यांचे स्मरण होते. पोगरवाडीचे त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक हे मूळचे २१ पॅरा या विशेष दलाचे, म्हणजे पूर्वाश्रमी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच असलेल्या पलटणीचे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत असता, ते कुपवाड्याच्या अरण्यात धारातीर्थी पडले.

दोन अपत्यांच्या या मातेने पस्तिशी ओलांडल्यावर सैन्याधिकारी होण्याचा निश्चय केला, तेव्हा सरकारने वयाची अट शिथिल केली खरी. पण चेन्नईच्या प्रबोधिनीतील कवाईत कोणासाठी शिथिल होत नसते. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांस लेफ्टनंटची सनद मिळाली, ती मात्र ऑर्डनन्स कोअरची. कारण पायदळाचा दरवाजा स्त्रियांस बंद होता. ही तजवीज मला तरी न्याय्य वाटत नाही.

वय उलटलेल्या पुरुषांस पायदळाची एक वाट आहे: प्रादेशिक सेनेत, नोकरीधंदा सांभाळून, ४२ व्या वर्षापर्यंत अधिकारीपदासाठी अर्ज करता येतो, आणि पुण्याची १०१ मराठा पलटण तर पायदळाचीच. शेजारच्या चाळिशीतल्या मास्तरांस हे सांगितले, तर ते आधी पोट आत ओढून पाहू लागले.