पंचवटीचे चार काने

ब्रश धरला की उजवा अंगठा हल्ली थरथरतो. म्हणून मोठी अक्षरं माझी विद्यार्थिनी काढते, मी मागे उभा राहून तिला सांगतो. सध्या आम्ही कुणीच न मागितलेलं एक काम घेऊन बसलोय. पंचवटी एक्सप्रेसचं नवं रूप, म्हणजे रंग, पट्टे, डब्यावरचं नाव असं सगळं. नावापाशीच घोडं अडलंय.

प, च, व या तिघांनाही काना, आणि शेवटच्या वेलांटीचा चौथा. ट तेवढा बिनकान्याचा. वहीत हे खपून जातं. डब्याच्या अंगावर हातभर उंचीची अक्षरं आली आणि गाडी नाशिकरोडच्या फलाटावरून हलली, की नजर तिरकी पडते, अक्षरं आक्रसतात आणि नुसतं कुंपण दिसतं. खरी गोम व आणि ट यांच्यामध्ये आहे. ट ची मान बारीक, त्यामुळे वर भोक पडतं. पोट मात्र व च्या कान्याला भिडायला येतं. जागा वाढवली की नाव तुटतं, कमी केली की खाली शाईचा गोळा. संगणक दोन अक्षरांत मोजून सारखं अंतर देतो. ते डोळ्याला सारखं दिसत नाही.

पोरगी म्हणते, "काका, पाच वडांची पाच पानं काढू या." मी नाही म्हटलं. खेळकरपणा हवाच, पण तो अक्षरातूनच निघावा. खिडक्यांखालच्या पट्ट्याची खालची कड हीच शिरोरेषा करायची. अक्षरं तिला टांगलेली, टिंब पट्ट्यात पांढरं, आणि वेलांटी पट्टा ओलांडून दोन खिडक्यांच्या मधून वर चढलेली. रोजच्या पासधारकाला ती आठवड्याभराने दिसली तरी चालेल.

गाडीचं रूप म्हणाल तर पुण्याच्या डेक्कन क्वीनचं पाहा. ती १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते, एक चंदेरी, लाल किनारीचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांची वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा तिची रंगसंगती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून करून घेतली. पुण्याच्या गाडीला हा मान मिळतो, आणि १९७५ पासून चाकरमान्यांना मुंबईला पोचवणाऱ्या आमच्या गाडीचा कुणी विचारही करत नाही, हे मला लागतं. याच गाडीत पासधारकांनी स्वतः शिस्त घालून २००७ मध्ये आदर्श डबा चालवून दाखवला. अशा गाडीला स्वतःचा चेहरा हवा. वंदे भारत देखणी आहे, पण शिर्डीची काय आणि नांदेडची काय, नाव वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. शिवाय रेल्वेला छापील व्हिनाइल चिकटवून डबे उरकायची सवय लागली. त्यात रेघेला हाताचा दाब उरत नाही.

हे सगळं गाडीच्या प्रेमापोटी, असं मी लोकांना सांगतो. पण मला ते अक्षर माझं म्हणून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रोज सकाळी उतरायला हवंय. पोरीची रेघ आता माझ्याहून स्वच्छ येते, तरी व-ट मधली जागा मी तिला अजून ठरवू दिलेली नाही.